दोन सेंट, 'मोफत' आणि ताबा : युद्धकाळातल्या रेल्वेभाड्याच्या तीन वादांपैकी प्रबंधाला कोणता घ्यावा?

एका सैनिकाला एक मैल नेण्याचे दोन सेंट. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं त्या १८६१ साली उत्तरेच्या युद्धखात्याने रेल्वे कंपन्यांसाठी हा दर काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांचे प्रमुख अलाबामातल्या माँटगोमेरीला जमले आणि त्यांनीही आपल्या सरकारला हाच दर कबूल केला. पुढे उत्तरेत या दरावरून सरकारी तिजोरी लुटली जात असल्याची ओरड झाली. दक्षिणेत याच दरापासून सुरुवात केलेल्या कंपन्यांचे रूळ झिजून गेले आणि हातात नुसता कागद उरला. दर एकच, गाऱ्हाणी मात्र एकमेकांच्या उलट.

हे कोडं मला पडलं तेव्हा मी स्वतः प्रबंधाचा विषय शोधत होतो. मी 'युद्ध आणि रेल्वे' असा ऐसपैस विषय घेतला. तो आवरेना तेव्हा बदलून मागितला, पण माझ्या महाविद्यालयाने नोंदणी झाल्यावर बदल करू दिला नाही. त्यात दीड वर्ष गेलं. हल्ली इतिहास, अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखेची मुलं हाच विषय घेऊन विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना भाड्याच्या वादाकडे वळवतो. भाड्याच्या एका ओळीत सरकार, भागधारक, करदाता आणि सैनिक असे चौघेही सापडतात. मात्र असे वाद एकापेक्षा जास्त आहेत आणि ते एका जातीचे नाहीत. कोणता आपल्याला पेलेल, हे आधी ठरवलेलं बरं. खाली मी तीन मोठे अमेरिकी वाद शेजारी शेजारी ठेवतो, जाता जाता ब्रिटन आणि आपली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेही येईल. तिन्ही वादांत एकच प्रश्न विचारत राहायचा : दर किती ते नंतर, आधी दर कशाचा?

दोन सेंटचा वाद : १८६१–६२

माणसांमुळे हा वाद सगळ्यात सुरस आहे. लिंकन यांचे पहिले युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन हे पेनसिल्व्हानियाचे पुढारी होते आणि नॉर्दर्न सेंट्रल रेल्वेत त्यांच्या घराण्याचे हितसंबंध होते. सरकारी रेल्वे आणि तारयंत्राच्या कामासाठी त्यांनी टॉमस स्कॉट यांना वॉशिंग्टनला बोलावलं. स्कॉट पेनसिल्व्हानिया रेल्वेचे उपाध्यक्ष होते. ऑगस्ट १८६१ मध्ये ते सहायक युद्धमंत्री झाले. म्हणजे भाडं देणाऱ्याच्या गादीवर भाडं घेणाऱ्याचा माणूस बसला.

त्यात १९ एप्रिल १८६१ रोजी बाल्टिमोरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर जमावाने हल्ला केला, पाठोपाठ शहराबाहेरचे पूल जाळले गेले आणि राजधानीकडे जाणाऱ्या वाहतुकीची घडीच विस्कटली. पुढच्या महिन्यांत हॅरिसबर्गवरून नॉर्दर्न सेंट्रलच्या वाटेने बरीच वाहतूक गेली. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे अध्यक्ष जॉन गॅरेट यांना यामागे कॅमेरॉन यांचा पक्षपात दिसला. कोणत्या मार्गाने न्यायचं हे ठरवणारा माणूस न बोलता भाडंही ठरवत असतो. म्हणून हा विषय घेणाऱ्याने दरपत्रकाशेजारी नकाशा उघडून ठेवावा.

आता दराकडे. दोन सेंट हा सुट्या प्रवाशाच्या तिकिटाच्या आसपासचा भाव होता. पलटण मात्र हजार माणसांची असते. तिला गाडीत बसवायला तिकीटखिडकी लागत नाही, जाहिरात लागत नाही, आणि पुष्कळदा तर उतारू डब्याऐवजी फळ्या ठोकलेल्या मालडब्यातच बसवलेलं असे. घाऊक गिऱ्हाइकाला किरकोळ भाव कसा लावता, असा सवाल सरकारी कंत्राटांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे आला. मालाच्या बाबतीत दुखणं आणखी खोल होतं. दूरच्या मालाला मैलामागे कमी भाडं पडतं, जवळच्या मालाला जास्त, हे रेल्वेचं जुनं गणित आहे. स्कॉट यांच्या जुलैच्या परिपत्रकामुळे शेकडो मैल जाणाऱ्या लष्करी सामानालाही जवळच्या टप्प्यांचे चढे दर लागू झाले. परिपत्रकातला आकडा कमाल मर्यादेचा होता की ठरलेल्या भावाचा, यावरही वाद झाला. कंपन्यांनी तो भाव म्हणूनच घेतला.

कंपन्यांची बाजूही पोकळ नव्हती. पलटण पोचवून आलेली गाडी रिकामी परतते. गाड्या मागणी येईल तेव्हा सोडाव्या लागतात आणि रोजच्या गिऱ्हाइकाचा माल फलाटावर कुजतो. या खर्चाला दोन सेंटमध्ये जागा आहे की नाही, हे कोणीच लिहून ठेवलं नव्हतं.

जानेवारी १८६२ मध्ये कॅमेरॉन पायउतार झाले आणि एडविन स्टँटन युद्धमंत्री झाले. ३१ जानेवारीच्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना गरज पडल्यास रेल्वे आणि तारयंत्र ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला. फेब्रुवारीत डॅनियल मॅकॅलम यांची लष्करी रेल्वेचे संचालक म्हणून नेमणूक झाली आणि त्याच सुमारास कंपन्यांच्या व्यवस्थापकांना वॉशिंग्टनला बोलावून दर नव्याने ठरवले गेले : माणसाला मैलामागे दोन सेंट कायम, मालाला नेहमीच्या दरात सुमारे १० टक्के सूट. ताब्याचा कायदा नुकताच झालेला असताना ही बैठक झाली, हे माझ्या मते या प्रकरणातलं मर्म आहे. उत्तरेतल्या खाजगी रेल्वेवर हा अधिकार चालवण्याची वेळ क्वचितच आली, पण तो खिशात ठेवून भाव केला गेला.

एक हिशेब करून बघा. सप्टेंबर १८६३ मध्ये व्हर्जिनियातून टेनेसीच्या आघाडीकडे २० हजारांहून जास्त सैनिक सुमारे १,२०० मैल नेले गेले, तेही दोन आठवड्यांच्या आत. वाटेतला काही भाग सरकारच स्वतः चालवत होतं. तरी नुसत्या अंदाजासाठी सगळ्या वाटेला दोन सेंट लावले, तर माणशी २४ डॉलर होतात. साध्या सैनिकाचा पगार तेव्हा महिन्याला १३ डॉलर होता. जवळजवळ दोन महिन्यांचा पगार त्याला पोचवण्यातच गेला असता.

दक्षिणेकडे पाहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. माँटगोमेरीच्या ठरावात सैनिकाला दोन सेंट, दारूगोळा आणि अन्नधान्य निम्म्या भाड्यात, आणि मोबदला सरकारी रोख्यांत घेण्याची तयारी, असं सगळं होतं. देशभक्तीच्या भरात कंपन्यांनी हे स्वतःहून दिलं. पुढे कागदी चलन घसरत गेलं. रोखे आणि नोटा पदरात पडत होत्या, पण रूळ आणि इंजिनाचे सुटे भाग कागदावर मिळत नव्हते आणि नाकेबंदीमुळे बाहेरून येत नव्हते. शाखामार्गांचे रूळ उखडून मुख्य मार्गावर टाकण्याची पाळी आली. म्हणजे दर कशाचा या प्रश्नाला दक्षिणेत आणखी एक शेपूट आहे : दर कोणत्या पैशात?

टोलमाफी की तिकीटमाफी : १८५० ते १९४६

मला सगळ्यात जास्त भावलेला वाद हा. तो एका कलमावर ९६ वर्षं चालला.

२० सप्टेंबर १८५० च्या कायद्याने अमेरिकेच्या संसदेने इलिनॉय राज्याला, आणि राज्यामार्फत इलिनॉय सेंट्रल रेल्वेला, सरकारी जमीन दिली. सुमारे २६ लाख एकर. बदल्यात अट अशी की हा लोहमार्ग अमेरिकी सरकारच्या वापरासाठी सार्वजनिक मार्ग राहील आणि सरकारी मालमत्ता किंवा सैन्याच्या वाहतुकीबाबत कोणताही टोल किंवा अन्य आकार लागणार नाही. पुढच्या वीसेक वर्षांत अशी कलमं अनेक कंपन्यांच्या जमीनदानात आली. रेल्वेसाठी केंद्राने दिलेली जमीन एकूण सुमारे १३ कोटी एकर होती.

शांततेत या कलमाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १८६१ मध्ये इलिनॉय सेंट्रलचं दक्षिण टोक असलेलं कैरो हे मिसिसिपीवरच्या मोहिमेचं मोठं ठाणं झालं आणि पलटणींमागून पलटणी त्या वाटेने जाऊ लागल्या. सरकारने विचारलं, हे सगळं फुकट ना? कंपनीने विचारलं, मार्ग फुकट, पण इंजिन, डबे, कोळसा, ड्रायव्हर, गार्ड यांचं काय?

आपल्याकडच्या माणसाला हा वाद चटकन कळतो. एखाद्या वाहनाला टोलमाफी आहे म्हणजे त्याला नाक्यावर पैसे भरावे लागत नाहीत. पण टोलमाफी दाखवून कोणी एसटीत चढला आणि तिकीट मागू नका म्हणाला, तर कंडक्टर त्याला खाली उतरवील. रस्ता वेगळा, वाहन वेगळं. अडचण इतकीच की रेल्वेत रस्ता आणि वाहन एकाच मालकाचे असतात आणि दोन्हींचं मिळून एकच भाडं आकारलं जातं. त्या एका भाड्यातला टोल किती आणि तिकीट किती, हे कोण सांगणार?

कॅमेरॉन यांनी ऑगस्ट १८६१ मध्ये तोडगा काढला. नेहमीचे दोन सेंट धरा आणि मार्गाच्या वापराबद्दल त्यातला एक तृतीयांश वजा करा. एक तृतीयांशच का, याला मोजमापाचा आधार नव्हता. दोन्ही बाजूंना चालेल असा तो आकडा होता. त्यावर युद्ध निभावलं.

युद्धानंतर सरकारी खर्चात काटकसर सुरू झाल्यावर संसदेत विचारणा झाली की 'मोफत' लिहिलेलं असताना दोन तृतीयांश तरी का द्यायचे? १८७४ मध्ये संसदेने अशा कंपन्यांना पैसे देणं थांबवलं आणि हवं असेल तर दाव्यांच्या न्यायालयात, म्हणजे सरकारविरुद्धचे पैशाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात जा, असं सांगितलं. कंपन्या गेल्या. १८७६ मध्ये मिनेसोटातल्या लेक सुपीरियर अँड मिसिसिपी रेल्वेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी लिहिला. रेल्वे नवी होती तेव्हा तिच्याकडे कालव्यासारखं किंवा पक्क्या सडकेसारखं पाहिलं जाई, कोणीही आपली गाडी आणावी आणि टोल भरून रुळांवरून न्यावी अशी कल्पना होती, आणि जुन्या सनदांमध्ये टोल आणि वाहतुकीचं भाडं वेगवेगळं लिहिलं जाई, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा. त्यामुळे 'सार्वजनिक मार्ग' मोफत म्हणजे रूळ मोफत, गाडी नव्हे. न्यायमूर्ती मिलर यांनी विरोधी मत नोंदवलं. आपली स्वतःची गाडी रुळांवर घालायला त्या काळी कोणीच जात नसताना संसदेने हे कलम घालून सरकारला मग दिलं तरी काय, हा प्रश्न दोन्ही मतं शेजारी ठेवून वाचताना डोक्यातून जात नाही. मी बराच काळ मिलर यांच्या बाजूचा होतो. आता ब्रॅडली मला जास्त पटतात, कारण त्यांनी शब्दाचा अर्थ ज्या काळात तो शब्द रुळला त्या काळात जाऊन शोधला.

पण रूळ म्हणजे भाड्यातला किती वाटा? त्यावर दाव्यांच्या न्यायालयाने ५० टक्के धरले. तेव्हापासून जमीनदानाच्या मार्गावर सरकारी वाहतूक निम्म्या भाड्यात, ही वहिवाट पडली.

खरी गुंतागुंत यानंतरची आहे. समजा शिकागोहून प्रशांत किनाऱ्याला जायला दोन वाटा आहेत. एकीला जमीन मिळालेली, दुसरीला नाही. सरकार अर्थातच निम्म्या भाड्याची वाट धरणार. मग दुसऱ्या कंपनीने काय करायचं? धंदा सोडायचा, किंवा तीही सवलत द्यायची. कंपन्यांनी सवलत दिली. समान दराचे करार झाले आणि ज्यांना एकरभरही जमीन मिळाली नव्हती, त्या कंपन्याही जमीनवाल्यांच्या भावाने सैन्य नेऊ लागल्या. एखाद्या मार्गाचा काही तुकडाच जमीनदानाचा असे, तिथे तेवढ्या मैलांची सूट काढून निव्वळ दर ठरवायचा. हा हिशेब करणारे कारकून हाच एक स्वतंत्र पेशा झाला होता.

१९४० च्या वाहतूक कायद्याने टपाल आणि मुलकी सरकारी मालावरची सूट काढली, पण लष्करी माल आणि लष्करी प्रवासावरची ठेवली, आणि माल लष्करी वापरासाठी जात असावा, मुलकी नव्हे, असं लिहिलं. लगेच महायुद्ध आलं आणि त्यात सगळंच लष्करी झालं. फ्लोरिडातून ब्रिटनला मदत म्हणून पाठवायचा फॉस्फेटचा दगड, ज्याचं तिकडे शेतीचं खत होणार, तो लष्करी माल की मुलकी? १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुलकी ठरवला. त्याच वेळी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या खटल्यात लष्करी वापर या शब्दांचा अर्थ न्यायालयाने बराच ऐसपैस लावला. हे दोन निकाल पाठोपाठ वाचले की सर्वंकष युद्धात रणांगण कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं, हा प्रश्न भाड्याच्या पावतीवर उतरलेला दिसतो. निकाल आले तोवर मूळ सवलत संपलेली होती. डिसेंबर १९४५ मध्ये ती रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ पासून लागू झाला.

सरकारने आवळा देऊन कोहळा काढला, असं कंपन्या म्हणत. जमीन दिली तेव्हा तिची किंमत किरकोळ होती आणि सवलत मात्र पिढ्यान्‌पिढ्या उकळली, असा त्यांचा दावा. उलट बाजू म्हणे की रेल्वे आली म्हणून जमिनीचा भाव चढला आणि तो चढलेला भाव कंपन्यांनी खाल्ला. १९४५ च्या सुमारास रेल्वे संघटनेत काम करणाऱ्या एका अभ्यासकाने पाठ्यपुस्तकांतल्या नकाशांवर आक्षेप घेतला, की त्यांत दान मिळालेली जमीन आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी रंगवली आहे. त्यावर इतिहासकारांत बरीच चकमक झाली. तुमच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या नकाशावर होऊ शकेल.

सावधगिरीचा एक शब्द. युनियन पॅसिफिक रेल्वेला या गटात मिसळू नका. १८६२ च्या कायद्यात तिच्यासाठी सरकारी रोख्यांचं कर्ज होतं आणि सरकारी वाहतुकीचं भाडं त्या कर्जापोटी वळतं करायचं होतं. तिथला झगडा कर्जफेडीचा आहे, 'मोफत'चा नाही.

दर नको, रेल्वेच द्या : १९१७–२०

तिसऱ्या वादात सरकारने भाड्याची घासाघीस सोडून देऊन मालकालाच बाजूला केलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. कंपन्यांनी आपणहून एक युद्ध मंडळ नेमलं, पण प्रत्येक खातं आपल्या डब्यावर अग्रक्रमाची चिठ्ठी लावू लागलं. सगळ्यालाच अग्रक्रम मिळाला की कशालाच राहत नाही. पूर्वेच्या बंदरांत डबे तुंबले. कंपन्यांनी मागितलेली १५ टक्के दरवाढ सरसकट द्यायला रेल्वेदरांवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने नकार दिला होता. २८ डिसेंबर १९१७ च्या दुपारी १२ वाजता राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी रेल्वे ताब्यात घेतल्या आणि अर्थमंत्री विल्यम मॅकाडू यांना महासंचालक नेमलं.

२१ मार्च १९१८ च्या कायद्याने मालकांना भाडेपट्ट्यासारखा मोबदला ठरला : ३० जून १९१७ ला संपलेल्या तीन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाची सरासरी. सगळ्या कंपन्या मिळून वर्षाला ९० कोटी डॉलरच्या आसपास. त्याच उन्हाळ्यात मॅकाडू यांनी मजुरी वाढवली, मालभाडं २५ टक्के चढवलं आणि उतारूभाडं मैलाला तीन सेंट केलं. जी वाढ आयोगाने अडवली होती, तिच्याहून मोठी वाढ आता एका सहीने झाली. कंपन्यांना हे बोचलं असणार, आणि मला ते समजू शकतं.

राज्यांनाही ते बोचलं. राज्यांतर्गत भाडं ठरवणं हा आमचा अधिकार, असं नॉर्थ डकोटा म्हणालं. १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने कौल दिला. ताबा सुटला १ मार्च १९२० रोजी. सरकारचा एकूण तोटा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. भांडण पुढेही चालूच राहिलं, कारण रेल्वे घेतली त्याच स्थितीत परत देण्याची अट होती. रुळांखालचे किती स्लीपर बदलायला हवे होते आणि किती बदलले, किती इंजिनं दुरुस्तीविना दामटली, यावर प्रत्येक कंपनीचा वेगळा दावा होता. इथे दर मालमत्तेच्या वापराचा, आणि म्हणून वाद झिजेचा. दक्षिणेच्या रुळांची आठवण इथे येते. माँटगोमेरीत जी झीज कोणी हिशेबात धरली नव्हती, तिच्यासाठी आता कायद्यात अट होती.

ब्रिटनने हाच रस्ता तीन वर्षं आधी धरला होता. १८७१ च्या कायद्याच्या आधारे ऑगस्ट १९१४ मध्ये रेल्वे सरकारी नियंत्रणाखाली आल्या, १९१३ च्या निव्वळ उत्पन्नाची हमी मिळाली आणि सरकारी वाहतुकीची बिलंच लावायची नाहीत असं ठरलं. मैलामागे किती, हा प्रश्नच पुसून टाकला. पण तो शेवटी एकगठ्ठा परत आला आणि १९२१ च्या रेल्वे कायद्यात कंपन्यांचे सगळे दावे ६ कोटी पौंडांवर मिटवावे लागले. अमेरिकेशी तुलना करायला हे उत्तम जोड आहे, पण एकट्याने पूर्ण प्रबंध पेलेल असं मला वाटत नाही.

जीआयपीचं कलम

मराठी विद्यार्थ्याला साहजिकच आपल्याकडचं काही हवं असतं. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी केलेल्या करारात ५ टक्के व्याजाची हमी, ९९ वर्षांसाठी फुकट जमीन, आणि बदल्यात टपाल फुकट, सैन्य व लष्करी सामान सवलतीच्या दरात, अशी देवघेव होती. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे लष्करी भाड्याचं कलम त्या गाडीच्या आधीच जन्माला आलं. इलिनॉय सेंट्रलच्या कलमापेक्षाही ते वर्षभराने जुनं आहे.

दोन्हींतला फरक मोलाचा आहे. इलिनॉयमध्ये सरकारने जमीन दिली आणि नफ्यातोट्याची जोखीम कंपनीवर ठेवली. इथे जमीनही दिली आणि नफ्याची हमीही. हमी असल्यावर लष्कराला दिलेल्या सवलतीची झळ भागधारकाला तितकी लागत नाही. उत्पन्न पाच टक्क्यांच्या खाली गेलं तर तूट सरकार भरणार, आणि सरकार ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरणार. सैन्य हलायचं त्याचं भाडं शेवटी नाशिक-खानदेशच्या शेतसाऱ्यातूनही गेलं. म्हणूनच इथे कंपनी आणि सरकार यांच्यात अमेरिकेसारखी जाहीर कोर्टबाजी फारशी अपेक्षित धरू नका. पैसे भरणारा माणूस करारात पक्षकारच नव्हता.

मग घ्यायचा कोणता?

राजकारणात रस असेल, माणसांचे स्वभाव आणि हितसंबंध उलगडायला आवडत असतील, तर १८६१ घ्या. काळ आटोपशीर आहे, दोन वर्षांत सगळं घडतं, उत्तर आणि दक्षिण अशी जोडी आयती मिळते. धोका एवढाच की कॅमेरॉन भ्रष्ट होते की नव्हते याच्या नादाला लागलात, तर दर बाजूला राहतो. एप्रिल १८६२ मध्ये प्रतिनिधीगृहाने त्यांचा निषेध केला तो कंत्राटांच्या कारभारावरून. तो ठराव रेल्वेभाड्याच्या वादात पुरावा म्हणून वापरू नका.

आकड्यांशी ज्याची दोस्ती आहे, ज्याला ताळेबंद आणि घसारा वाचता येतो, अशा वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९१७ घ्यावं. इतरांनी जपून. कागदांचा डोंगर आहे, आणि झिजेचे दावे समजून घ्यायला हिशेबनिशी लागतेच. दरवाढ, मजुरी आणि राज्यांचे अधिकार या तिन्हींतला एकच धागा धरला, तर जमेल. त्यातही नॉर्थ डकोटाचा खटला मला सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण केंद्र आणि राज्य यांची ओढाताण आपल्याला परकी नाही.

बाकी सगळ्यांना मी जमीनदानाचा वाद सुचवतो, आणि जमलं तर जीआयपीच्या कलमाशेजारी ठेवून. विषय लांब पल्ल्याचा असला तरी कलम एकच आहे, त्यामुळे तो पसरत नाही. मुख्य निकाल छापलेले आहेत आणि सहज वाचायला मिळतात. परदेशी जाऊन दप्तरं उचकण्याची ऐपत आपल्यातल्या बहुतेकांना नसते, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. आणि आपल्या भाषेत यावर लिहिण्याजोगं पुष्कळ आहे.

हा विषय घ्यायचा की नाही हे ठरवायला एक संध्याकाळ पुरेल. १८५० च्या कायद्यातलं ते एक वाक्य घ्या आणि स्वतः मराठीत उतरवून पाहा. वर मी 'वाहतुकीबाबत' असं मोघम लिहिलं आहे, ते मुद्दाम. 'वाहतुकीचा आकार लागणार नाही' असं लिहिलंत, तर तुम्ही सरकारचे वकील झालात. 'मार्गावरून वाहतूक नेण्याचा आकार लागणार नाही' असं लिहिलंत, तर कंपनीचे. कोणती ओळ कागदावर ठेवायची यावर तुमचं पेन अर्धा तास अडलं, तर मार्गदर्शकांकडे हाच विषय घेऊन जा.